अंगावर वागवायचा संगणक

अंगावर वागवल्या जाणाऱ्या संगणकाची व्याख्या तज्ज्ञांनी निरनिराळ्या शब्दांत केली असली, तरी तिचा गाभा एकच आहे: जे यंत्र शरीरावरच असते, माणूस उभा असताना किंवा चालत असताना चालू राहते आणि ज्याच्यासाठी हातातले मूळ काम सोडावे लागत नाही, ते यंत्र या वर्गात मोडते. लॅपटॉप कितीही हलका असला तरी या व्याख्येत बसत नाही, कारण तो वापरायचा म्हणजे आधी कुठेतरी टेकावे लागते, झाकण उघडावे लागते आणि दोन्ही हात व दोन्ही डोळे त्याच्या स्वाधीन करावे लागतात. म्हणूनच एखादा जुना, छोटा लॅपटॉप घरच्या घरी अंगावरच्या संगणकात रूपांतरित करण्याचा प्रयोग वरवर सुटे भाग जोडण्याचा वाटला, तरी त्याची खरी सुरुवात वापरणाऱ्याचे हात, डोळे आणि कान दिवसभर कशात गुंतलेले असतात हे तपासण्यापासून होते.

महाराष्ट्रातील वाचकाला असे यंत्र शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, आणि त्या दिवसापासून पुढे कित्येक दशके एसटीच्या कंडक्टरचे सारे हिशेबी कामकाज तिकिटांचा ट्रे, चिमटा, कातडी पिशवी आणि वे-बिल या चार वस्तूंवर चालले. ट्रेमध्ये निरनिराळ्या किमतींच्या छापील तिकिटांचे गठ्ठे लावलेले असत. भाडे त्या किमतींच्या बेरजेतून जुळवायचे, चिमट्याने तिकिटाला भोक पाडायचे आणि ठरावीक टप्प्यावर गठ्ठ्यांचे क्रमांक वे-बिलावर उतरवायचे, असा तो क्रम होता. पुढे ट्रेच्या जागी गळ्यात अडकवलेले तिकीटयंत्र आले. या यंत्रात प्रोसेसर म्हणजे आकडेमोड करणारा मेंदू, भाड्याचे तक्ते साठवणारी स्मृती, मोजक्या कळा, बोटभर पडदा, छोटा छपाईयंत्राचा भाग आणि बॅटरी असे संगणकाचे सर्व अवयव असतात. मार्च २०२३ मध्ये महिलांना भाड्यात निम्मी सवलत लागू झाली, तेव्हा नवे गठ्ठे छापण्याची गरज नव्हती; यंत्रातील तक्ता बदलणे पुरेसे होते. गर्दीच्या गाडीत एका हाताने वरचा दांडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिकीट काढणाऱ्या कंडक्टरला आपण अंगावरचा संगणक वापरतो असे कधी वाटत नसेल. पण वर सांगितलेल्या व्याख्येची प्रत्येक अट तो अहिल्यानगरच्या माळीवाडा स्थानकातून गाडी सुटताच पूर्ण करत असतो.

या यंत्रांचा इतिहास मात्र एका जुगारघरात सुरू होतो. एडवर्ड थॉर्प हा गणिती आणि माहिती सिद्धांताचा जनक मानला जाणारा क्लॉड शॅनन या दोघांनी रुलेटच्या चाकावर गोळी कुठे पडेल याचा अंदाज बांधणारे यंत्र तयार करून १९६१ च्या उन्हाळ्यात लास व्हेगासमध्ये आजमावले. सिगारेटच्या पाकिटाएवढ्या त्या यंत्रात बारा ट्रान्झिस्टर होते. पडदा नव्हता आणि कळफलकही नव्हता. चाकाच्या फेऱ्यांची वेळ बुटात दडवलेल्या स्विचवर पायाचा अंगठा दाबून नोंदवली जाई आणि उत्तर कानातल्या बारीक ध्वनिवर्धकातून सुरांच्या रूपाने मिळे. कानाकडे जाणारी केसासारखी बारीक तार वारंवार तुटे, एवढीच काय ती त्याची दुखरी बाजू. पहिल्याच अंगावरच्या संगणकाने हात आणि डोळे दोन्ही मोकळे ठेवले होते, ही गोष्ट नंतरच्या अनेक कारागिरांनी विसरून आधी डोळ्यापुढच्या पडद्यावर पैसे घातले.

त्यानंतरच्या पिढीत कॅनडाच्या स्टीव्ह मान याने १९८१ च्या सुमारास ६५०२ या प्रोसेसरवर चालणारा संगणक पाठीवरच्या पिशवीत बसवून त्यावरून छायाचित्रणाची साधने चालवली. आणि अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत थॅड स्टार्नर १९९३ पासून असे यंत्र रोजच्या वापरात अंगावर बाळगू लागला. स्टार्नरच्या डोळ्यासमोर ‘प्रायव्हेट आय’ नावाचा लाल अक्षरांचा चिमुकला पडदा असे आणि हातात ‘ट्विडलर’ असे. ट्विडलर म्हणजे एका मुठीत मावणारा कळफलक, ज्यात दोनतीन कळा एकदम दाबून एक अक्षर उमटते; हार्मोनियमवर सूर धरावा तसे अक्षर धरावे लागते, आणि ते शिकायला तेवढीच चिकाटी लागते.

कामाच्या दृष्टीने सर्वांत बोधक ठरले ते कार्नेगी मेलन विद्यापीठाचे ‘व्हूमॅन ३’ हे यंत्र, जे नव्वदच्या दशकाच्या मध्यास अमेरिकी मरीन दलाच्या जड वाहनांच्या तपासणीसाठी तयार झाले. अशा एका वाहनाची तपासणी म्हणजे सुमारे सहाशे बाबींची यादी. तपासनीस वाहनाच्या पोटाखाली आडवा झालेला, हात ग्रीसने माखलेले, आणि यादी मात्र कागदावर. ती नंतर कार्यालयात पुन्हा संगणकात भरावी लागे. व्हूमॅन ३ ला कळफलक नव्हता, कमरेला लावलेली एक मोठी चकती होती. ती फिरवून यादीत पुढेमागे जायचे आणि दाबून ‘ठीक’ किंवा ‘नादुरुस्त’ नोंदवायचे, एवढ्यावर सारे काम भागले, कारण त्या तपासणीत लांबलचक मजकूर लिहायचाच नव्हता. तपासणीला लागणारा वेळ त्यामुळे ४० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे त्या गटाने नोंदवले. नगर (म्हणजेच अहिल्यानगर) शहरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, संरक्षण संशोधन संस्थेची वाहनांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. त्यामुळे जड वाहनाखाली झोपून काम करणाऱ्या माणसाच्या हातांची अवस्था या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

घरगुती प्रयोगांना कच्चा माल मिळाला तो लहान लॅपटॉपच्या दोन लाटांमधून. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेला तोशिबाचा ‘लिब्रेटो’ ८४० ग्रॅमचा होता, पण महागही होता. दुसरी लाट २००७ ची. त्या वर्षी आसूसचा ‘ई पीसी ७०१’ बाजारात आला: सात इंची पडदा, ५१२ मेगाबाइट स्मृती, ४ गिगाबाइटची अचल साठवण आणि वजन सुमारे ९२० ग्रॅम. त्याच वर्षी मुलांसाठी बनवलेल्या हिरव्या-पांढऱ्या ‘एक्सओ’ लॅपटॉपचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील खैराट येथील शाळेत सुरू झाला. त्यानंतर दोनतीन वर्षे ‘नेटबुक’ नावाचे असे स्वस्त, कमी शक्तीचे लॅपटॉप सर्वत्र दिसू लागले आणि टॅब्लेट व स्मार्टफोन येताच तितक्याच झटपट मागे पडले. आज ते कपाटांत, दुरुस्तीच्या दुकानांत आणि भंगारात पडून आहेत. नवे संकेतस्थळ उघडताना ते धापा टाकतात हे खरे. परंतु आकडे नोंदवणे, ध्वनी वाजवणे आणि एखादी यादी चाळणे ही कामे ते आजही बिनतक्रार करतात.

रूपांतरासाठी लॅपटॉप निवडताना त्याचा वेग दुय्यम असून साठवणीचा प्रकार महत्त्वाचा आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क चालताना बसणारे हादरे फार काळ सोसत नाही, म्हणून तिच्या जागी हलणारा भाग नसलेली एसएसडी बसवावी किंवा यंत्र सरळ मेमरी कार्डावरून चालवावे. संचालन प्रणाली, म्हणजे यंत्राचे सर्व भाग हाकणारी मूळ आज्ञावली, म्हणून लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घ्यावी. मात्र डेबियन या लोकप्रिय आवृत्तीने २०२५ मधील तेराव्या अंकापासून जुन्या ३२-बिट यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली असल्याने अशा यंत्रांना बाराव्या अंकावरच थांबावे लागते. इंटरनेटला न जोडता वापरायच्या यंत्राला हा अंक पुरेसा आहे.

यानंतर झाकणाचा प्रश्न येतो. लॅपटॉप मिटला की तो झोपी जातो, आणि पिशवीतला लॅपटॉप तर कायम मिटलेलाच असणार. झाकण मिटल्याचे यंत्राला कळते ते बहुधा पडद्याच्या चौकटीत बसवलेल्या लहान लोहचुंबकामुळे. खालच्या भागातील स्विच तो चुंबक जवळ येताच बंद होतो. लिनक्समध्ये एका ओळीच्या बदलाने या स्विचकडे दुर्लक्ष करायला सांगता येते. हा बदल न करता ज्यांनी पडदाच काढून टाकला, त्यांच्या यंत्रालाही कधीकधी अवेळी झोप लागते, आणि त्याचे कारण शोधता शोधता शेवटी पिशवीच्या चुंबकी बटणावर बोट ठेवावे लागते.

पडदा काढावा की ठेवावा, याबद्दल हौशी कारागिरांत दोन तट आहेत. काढल्याने वजन घटते व वीज वाचते. पण दुरुस्तीच्या वेळी यंत्र आंधळे होते आणि बाहेरचा मॉनिटर जोडल्याशिवाय चूक दिसत नाही. पहिल्या प्रयोगात पडदा जागेवर ठेवून केवळ विझवून ठेवणे हेच शहाणपणाचे, कारण वीज जवळजवळ तेवढीच वाचते आणि यंत्र पुन्हा लॅपटॉप होऊ शकते. ज्या जुन्या लॅपटॉपच्या पडद्यामागे प्रकाशासाठी बारीक नळी असते, त्या नळीत पारा असतो. म्हणून तो पडदा हौसेपोटी फोडू नये.

उष्णता हा या प्रयोगातील सर्वांत कमी लेखला जाणारा धोका आहे. नेटबुक साधारण दहा वॅट वीज खाते आणि ती सारी शेवटी उष्णतेतच जाते. टेबलावर ही उष्णता जाणवत नाही. पण तेच यंत्र कापडी पिशवीत, पाठीला चिकटून, मे महिन्यातील चाळीस अंशांच्या नगरी उन्हात चालू राहिले, तर पंखा गरम हवाच पुन्हा ओढत बसतो. त्वचेला तासन्‌तास चिकटून राहणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान ४३ अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये, असा सुरक्षिततेचा सर्वमान्य दंडक आहे, आणि तो उन्हाळ्यात ओलांडायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे पिशवी पाठीपेक्षा कमरेच्या बाजूला असावी, पंख्याच्या तोंडाशी जाळीचे कापड शिवावे आणि शरीर व यंत्र यांच्यामध्ये बोटभर जाडीचा सच्छिद्र फोम असावा.

विजेचे गणित आधी कागदावर करावे. ई पीसीची ७.४ व्होल्ट, ५२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी नवी असताना ३८ वॅट-तास ऊर्जा साठवते, म्हणजे दहा वॅटच्या यंत्राला पावणेचार तास पुरते. जुनी बॅटरी त्याच्या निम्मेही देत नाही. २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ७४ वॅट-तास असतात. पण तिच्या साध्या जोडणीतून ५ व्होल्ट बाहेर येतात आणि लॅपटॉपला ९.५ किंवा १२ व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये व्होल्टेज वाढवणारे छोटे पॅनेल बसवावे लागते आणि या सगळ्या उलाढालीत सुमारे पाचवा हिस्सा वाया जातो. या पॅनेलवरचा बारीक स्क्रू फिरवून व्होल्टेज ठरवायचे असते; ते मल्टिमीटरने मोजून घेतल्याशिवाय लॅपटॉपची पिन जोडली, तर मदरबोर्ड जळण्यास एक क्षण पुरतो. दुसरी अडचण अशी की, लॅपटॉपची मूळ बॅटरी रिकामी असेल तर यंत्र चालवणे आणि ती बॅटरी भरणे ही दोन्ही ओझी एकदम पॉवर बँकेवर पडतात आणि ती स्वतःहून बंद होते. यावर मूळ बॅटरी पूर्ण भरून निघणे किंवा ती काढूनच ठेवणे हा उपाय आहे. फुगलेली बॅटरी मात्र उपायापलीकडची असते. ती उघडू नये, टोचू नये आणि अंगाजवळ तर मुळीच बाळगू नये.

एवढे झाल्यावर उरतो तो प्रश्न, ज्यावर प्रयोग तरतो किंवा बुडतो: यंत्राशी बोलायचे कसे? याचे उत्तर कामातच असते, आणि त्यासाठी नगर जिल्ह्यातील एका कामाचा विचार उपयोगी पडतो. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या अखेरीस पहिले गाळप सुरू केल्यापासून या जिल्ह्यात कारखान्यांचे जे जाळे पसरले, त्यांच्या शेतकी खात्यात ‘चिटबॉय’ नावाचा कर्मचारी असतो. त्याच्या गटातील प्रत्येक उसाच्या क्षेत्राची नोंद घेणे हे त्याचे काम. त्या नोंदीत सभासदाचा क्रमांक, जमिनीचा गट क्रमांक, गुंठ्यांत क्षेत्र, लागणीची तारीख, उसाची जात आणि हंगाम एवढेच असते. जात म्हणजे ८६०३२ किंवा फुले २६५, आणि हंगाम म्हणजे आडसाली, पूर्वहंगामी, सुरू किंवा खोडवा. ही नोंद बारकाईने पाहिली तर तिच्यात आकड्यांखेरीज जवळजवळ काही नाही, कारण हंगामालाही एक ते चार असे संकेतांक देता येतात. अर्थात तिला पूर्ण कळफलकाची गरजच उरत नाही.

म्हणून अशा कामासाठी तीनचारशे रुपयांत मिळणारा सतरा-अठरा कळांचा यूएसबी नंबर पॅड पुरतो. तो पट्ट्यावर उजव्या मांडीच्या वरच्या अंगाला पक्का बांधला, की हात खाली सोडल्यावर बोटे आपोआप त्यावर येतात. ५ या कळेवरचा बारीक उंचवटा बोटाला लागतो आणि उरलेल्या कळा न पाहता सापडतात. डावा हात पाचट बाजूला सारायला मोकळा राहतो, जे महत्त्वाचे आहे, कारण उसाच्या पानाची धार कागद, पडदा आणि कातडी यांत भेद करत नाही. उत्तर ऐकायचे ते इअरफोनमधून: ‘ईस्पीक’ ही मुक्त आज्ञावली मराठीत बोलते, इंटरनेट मागत नाही आणि जुन्या नेटबुकवरही अडखळत नाही. तिचा आवाज यांत्रिक आहे आणि ‘एकोणऐंशी’, ‘एकोणनव्वद’ असे शब्द ट्रॅक्टरच्या आवाजात एकमेकांत मिसळतात. म्हणून जातीचा क्रमांक ‘आठ, सहा, शून्य, तीन, दोन’ असा सुटा वाचायला लावावा, आणि एंटर दाबल्यावर पूर्ण नोंद एकदा वाचून दाखवल्यावरच ती साठवावी. चूक झाली तर वजाबाकीची कळ शेवटची नोंद पुसते, आणि तसे झाल्याचे यंत्र सांगते. एवढा कार्यक्रम पायथॉन या सोप्या संगणकभाषेत शंभर ओळींच्या आत बसतो. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो दोन रविवारांत लिहिता यावा.

इअरफोन मात्र एकाच कानात असावा. अकोले, संगमनेर, राहुरी या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो आणि तिथेच पिल्ले घालतो. फडात शिरणाऱ्या माणसाचे दोन्ही कान बंद करणारे यंत्र कितीही हुशार असले, तरी ते त्या रानासाठी बनवलेले नाही. डोळ्यासमोर पडदा लावणाऱ्या यंत्राबद्दलही हेच म्हणावे लागते. उसात माणूस समोर पाहतो ते पुढची सरी, तुटलेला पाट आणि जनावराची चाहूल यांसाठी. त्या नजरेत आणखी एक पडदा घुसवून काही साधत नाही.

इथे रास्त आक्षेप येतो: हे सारे स्मार्टफोन करत नाही का? करतो, आणि अनेक बाबतींत उजवेपणाने करतो. ऊसनोंदीसाठी कित्येक कारखान्यांनी मोबाइल ॲप वापरात आणले आहे. त्यात जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात, छायाचित्र काढता येते आणि नोंद थेट कार्यालयात पोचते. मोबाइल खिशात मावतो, त्याला पंखा नाही, आणि त्याची बॅटरी दिवसभर पुरते. रोजच्या कामासाठी कुणी नेटबुक कमरेला बांधावे असा सल्ला देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुन्या लॅपटॉपची बाजू तीन ठिकाणी बळकट आहे. पडद्यावरची काच घामेजलेल्या किंवा मातीच्या बोटांना दाद देत नाही, खरी कळ देते. सिरियल केबल, म्हणजे एकामागून एक संकेत नेणारी जुन्या पद्धतीची जोडणी असलेले वजनकाटे आणि मोजमापाची साधने लॅपटॉपला स्वस्त तारेने जोडता येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी, जिथे वाणांच्या चाचणीत शेकडो वाफ्यांतून एकेका रोपाची उंची आणि वजन नोंदवत चालावे लागते, तिथे ही सोय मोलाची आहे. आणि तिसरे म्हणजे, लॅपटॉपवरची प्रत्येक ओळ वापरणाऱ्याला वाचता व बदलता येते. मोबाइलवरचे ॲप जसे दिले तसे घ्यावे लागते. हंगामाचा पाचवा संकेतांक हवा असेल तर अर्ज करून वाट पाहावी लागते.

खर्चाचा भाग थोडक्यात सांगता येतो. लॅपटॉप पडून असेल, तर पॉवर बँक, व्होल्टेज वाढवणारे पॅनेल, नंबर पॅड, इअरफोन आणि शिंप्याची मजुरी एवढाच खर्च उरतो, आणि त्यात पॉवर बँकेचा वाटा सर्वांत मोठा असतो. वजनाचा हिशेब मात्र पैशांइतका सौम्य नाही. सव्वानऊशे ग्रॅमचा लॅपटॉप, चारशे ग्रॅमच्या आसपासची पॉवर बँक, तारा, पॅड आणि पिशवी मिळून दीड किलो सहज भरते, आणि ते ओझे कमरेच्या एकाच बाजूला येते. ज्यांना हा प्रयोग करून पाहायचा आहे, त्यांनी एकही स्क्रू उघडण्यापूर्वी तेवढ्याच वजनाची पुस्तके पिशवीत भरून ती कमरेला बांधावी आणि रोजचे काम दोन दिवस तसेच करून पाहावे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी उतरवून ठेवण्याची घाई झाली नाही, तरच पेचकस हाती घ्यावा.